चुंबकापासून साथीपर्यंत: फिजिक्स शिकून माणसांची आणि जीवांची मॉडेल्स करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आणि वाशी-ऐरोलीकडच्या कॉलेजांत बोलायला गेले की तेच तेच प्रश्न फिरून येतात. काही विद्यार्थ्यांचे, बरेच पालकांचे आणि एकदोन हमखास पुढच्या रांगेतल्या निवृत्त इंजिनिअर काकांचे. उत्तरं एका जागी असलेली बरी, म्हणून ही लिहून काढली. क्रमाला काही अर्थ नाही. ज्यांना फक्त नोकरीचं वाचायचंय त्यांनी सरळ खाली उतरावं, मी रागावणार नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

माझी पीएचडी स्टॅटिस्टिकल फिजिक्समधली. असंख्य कण एकत्र आले की त्यांचं मिळून काय होतं, याचा हिशेब म्हणजे हा विषय. आता मी साथरोग कसे पसरतात याची मॉडेल्स करते, मध्येच कधी गर्दीची आणि वाहतुकीची. दिवसाचा बराच वेळ कोड लिहिण्यात जातो, त्याहून जास्त दुसऱ्यांनी गोळा केलेला डेटा निवडण्या-पाखडण्यात. वयाच्या रकान्यात ४५० लिहिलेलं असतं, एकाच वॉर्डाचं नाव तीन तऱ्हांनी येतं. फळ्यासमोर उभं राहून समीकरणं लिहिण्याचे प्रसंग फार थोडे.

फिजिक्सवाल्यांचा माणसांशी आणि जीवांशी काय संबंध?

संबंध एका सवयीचा आहे, आणि ती सवय चुंबकांमुळे लागली.

१९२० मध्ये विल्हेल्म लेन्झ यांनी चुंबकाचं एक अगदी साधं मॉडेल सुचवलं आणि ते सोडवायचं काम एर्न्स्ट आयसिंग या आपल्या विद्यार्थ्याला दिलं. प्रत्येक अणूचं तोंड वर किंवा खाली. शेजारी जसा असेल तसं व्हायची त्याला ओढ, आणि उष्णतेमुळे सतत चाललेली चुळबुळ. याव्यतिरिक्त त्यात काही नाही. आयसिंग यांनी १९२५ मध्ये एका ओळीत बसवलेल्या अणूंसाठी उत्तर छापलं: असा चुंबक होत नाही. मग १९४४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी हेच अणू सपाट जाळीवर मांडून गणित सोडवलं, आणि तिथे एका ठरावीक तापमानाखाली बहुतेक अणू एका बाजूला झुकतात असं निघालं. चुंबकपण कुठल्याही एका अणूत सापडत नाही, ते त्यांच्या एकमेकांशी असलेल्या वागण्यातून उभं राहतं.

पुढच्या काही दशकांत आणखी चकित करणारी गोष्ट कळली. या बदलाच्या अगदी जवळ गेलं की धातू कुठला, अणू कसले, याने काही गणितं बदलतच नाहीत. चुंबक आणि द्रव व वाफ यांतला फरकच मिटतो त्या टोकाला पोचलेला द्रव एकाच सूत्राने वागू लागतात. म्हणजे ढीगभर तपशील फेकून दिला तरी उत्तर तेच येतं. फिजिक्सवाल्यांच्या हाती लागलेलं खरं हत्यार हे: कुठला तपशील टाकून चालतो ते शोधायचं. १९७२ मध्ये फिलिप अँडरसन यांनी एका गाजलेल्या लेखात मांडलं की कणांचे नियम कळले म्हणजे त्यांच्या समूहाचं वागणं कळलं असं होत नाही, प्रत्येक पातळीवर नवे नियम निघतात. तिथून पक्ष्यांचे थवे, मेंदूतल्या पेशी, शेअर बाजार, अफवा हे सगळं आपल्याला खुलं आहे असं फिजिक्सवाल्यांना वाटू लागलं. थोडं जास्तच वाटू लागलं, पण ते पुढे येईल.

एक गंमत आधी सांगते. ही देवघेव मुळात उलट्या दिशेनेही झालेली आहे. एकोणिसाव्या शतकात अडोल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने माणसांच्या उंचीची, गुन्ह्यांची, लग्नांची आकडेवारी तपासून त्यातली नियमितता दाखवली होती. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांना वायूच्या रेणूंच्या वेगांचं वाटप सुचलं त्यामागे केतले यांच्या कामावरचं वाचन होतं, असं विज्ञानाचे इतिहासकार मानतात. तेव्हा 'फिजिक्स समाजात घुसलं' अशी तक्रार करणाऱ्यांनी समाजाचं फिजिक्सवरचं जुनं देणंही हिशेबात धरावं.

मग माणूस म्हणजे अणू आहे, असं तुमचं म्हणणं?

पुढच्या रांगेतल्या काकांचा प्रश्न. उत्तर नाही असंच आहे. पण ते 'नाही' नेमकं कुठे लागू पडतं हे पाहण्यासारखं आहे, म्हणून एक उदाहरण घेते.

थॉमस शेलिंग हे अर्थतज्ज्ञ. त्यांनी १९७१ मध्ये वस्त्या वेगळ्या कशा पडतात याचं एक मॉडेल मांडलं, जे कागदावर चौकटी आखून दोन प्रकारच्या नाण्यांनीही खेळता येतं. प्रत्येक नाण्याची मागणी माफक: शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. नसतील तर उठून मोकळ्या चौकटीत जायचं. एवढ्यानेच थोड्या वेळात पट दोन रंगांच्या मोठाल्या गठ्ठ्यांत विभागला जातो. कुणीही मागितली नव्हती इतकी फाळणी होते. फिजिक्सवाल्यांना हे पाहून आयसिंग आठवला आणि त्यावर शेकडो शोधनिबंध आले.

आता हे मॉडेल घेऊन पाचपाखाडीत, खारघरमध्ये किंवा आणखी कुठे भाड्याने घर शोधायला जा. एजंट आधी आडनाव विचारतो, बजेट नंतर. 'फक्त शाकाहारी', 'फक्त फॅमिली', सोसायटीच्या कमिटीची संमती. शेलिंगच्या पटावर कुणी कुणाला नकार देत नाही, जो तो आपल्या मर्जीने हलतो. आपल्याकडे दार आतून लावणारा कुणीतरी असतो. त्यामुळे मॉडेल एवढंच सिद्ध करतं की सौम्य आवडनिवडसुद्धा वस्त्या तोडायला पुरते. आपल्या वस्त्या सौम्य आवडनिवडीनेच तुटल्या, असं ते सांगत नाही. हा फरक सोडला तर मॉडेल म्हणजे भेदभावाला बहाल केलेलं निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र ठरतं, आणि तसा वापर झालेला मी चर्चासत्रांत पाहिला आहे. जातीचा तपशील फेकून देता येतो का? प्रश्न पाण्याच्या रेणूंचा असेल तर येतो.

तुमच्या व्याख्यानात मुंबईच्या प्लेगचा किस्सा असतो, तो काय?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून लांबेल.

साथीच्या गणिताचा पाया घालणारा शोधनिबंध १९२७ चा. लेखक दोघे. विल्यम कर्मॅक हे एडिंबरातले रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गेलेले. अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. त्यांनी लोकांचे तीन गट केले: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून खेळाबाहेर गेले ते. कोविडमध्ये ज्याचं नाव सगळ्यांच्या कानी पडलं ते एसआयआर मॉडेल याच घराण्यातलं. त्यातून निघालेली मोठी गोष्ट म्हणजे उंबरठा. एक रुग्ण सरासरी एकाहून जास्त माणसांना लागण देत असेल तर साथ भडकते, नसेल तर विझते. आणि ती विझायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही, लागण होण्याजोगी माणसं पुरेशी कमी झाली की पुरतं.

आपलं गणित चालतं हे दाखवायला त्यांनी जो आलेख छापला तो मुंबई बेटाचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली त्याचे ठिपके, आणि त्यांच्यावरून सफाईने जाणारी घंटेच्या आकाराची रेघ. रेघ इतकी चपखल बसते की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती मिरवते.

पण गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. तो उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरं रक्त शोधते आणि माणसाला चावते. ज्या वर्षीचे हे ठिपके आहेत, त्याच सुमारास मुंबईत प्लेग कमिशनची माणसं मेलेले उंदीर गोळा करून तपासत होती आणि उंदरांतली साथ माणसांच्या आधी शिखर गाठते हे नोंदवत होती. मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होतं. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, असं निबंधात म्हटलेलंही आहे. पाठ्यपुस्तकांत येता येता ते वाक्य गळालं आणि रेघ तेवढी उरली.

आता त्या रेघेचेच आकडे घ्या. सूत्राप्रमाणे शिखरावर आठवड्याला ८९० मृत्यू आणि संपूर्ण साथीत मिळून साधारण ८९००. शहराची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजार. त्या काळी प्लेग झालेल्यांपैकी बहुतेक दगावत, म्हणजे लागण झालेल्यांचा आकडा मृत्यूंच्या फार पुढे जात नाही. मग शंभरातले दोघेसुद्धा सापडले नसताना 'लागण होण्याजोगी माणसं कमी पडली' म्हणून साथ कशी उतरेल? माणसं कमी पडली नव्हती. कमी पडले असतील तर उंदीर. किंवा उन्हाळा आला. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं हिवाळ्यापासून चढत आणि उन्हाळा-पावसाळ्याकडे उतरत राहिला, आणि या ऋतुचक्राकडे नंतरच्या अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे. माणसं कमी पडोत, उंदीर मरोत की हवा तापो, वर चढून खाली येणारी रेघ तिन्ही कारणांनी तशीच काढता येते. एका वर्षाचा आलेख बघून कारण ठरवता येत नाही. त्यासाठी आजूबाजूची वर्षं पाहावी लागतात, आणि उंदीर मोजणाऱ्या माणसाशी बोलावं लागतं.

फिजिक्समधून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हा आलेख दाखवते. आपल्याला रेघ जुळली की हायसं वाटतं, कारण प्रयोगशाळेत ती सहजासहजी जुळत नाही. इथे ती फार सहज जुळते, आणि म्हणूनच जुळण्याची किंमत कमी.

तरीही कर्मॅक-मॅकेंड्रिक यांचं गणित टाकाऊ झालं का? मुळीच नाही. गोवर घ्या. तो खरोखर माणसाकडून माणसाला होतो, आणि कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना देतो असं मानतात. उंबरठ्याच्या सूत्रात हे घातलं की साखळी तोडायला शंभरातल्या ९२ ते ९४ जणांना प्रतिकारशक्ती हवी, असं उत्तर येतं. लसीकरणाचं लक्ष्य ९५ टक्क्यांच्या आसपास का ठेवतात, ते या एका ओळीच्या गणितातून समजतं.

कोविडमध्ये सगळी मॉडेल्स तोंडावर आपटली. मग विश्वास का ठेवायचा?

'अमुक तारखेला शिखर' असं छातीठोक सांगणारी बरीच आपटली, खरं आहे. हवामानाचा अंदाज ऐकून पाऊस आपला बेत बदलत नाही, माणसं मात्र साथीचा अंदाज ऐकून घरी बसतात किंवा गावी निघतात, आणि अंदाजच खोटा पाडतात. प्लेगच्या वेळीही हेच झालं होतं. घरझडतीच्या भीतीने लोकांनी रुग्ण लपवले, मुंबई सोडली, आणि पुण्यात प्रकरण २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडण्यापर्यंत गेलं. कुठल्याही समीकरणात चापेकर बंधू बसवता येत नाहीत.

माझ्या मते साथीच्या मॉडेलला तारीख विचारूच नये. 'असं केलं तर काय, तसं केलं तर काय' एवढंच विचारावं. बंगळुरूच्या आयआयएससी आणि कुलाब्याच्या टीआयएफआर या संस्थांतल्या गटाने २०२० मध्ये मुंबईचं जे सिम्युलेशन केलं, त्याचं मोल यात होतं. घर, शाळा, कचेरी, वस्ती आणि लोकल अशा ठिकाणी एकमेकांच्या संपर्कात येणारी कृत्रिम माणसं त्यात होती, आणि कचेऱ्या टप्प्याटप्प्याने उघडल्या तर काय होईल असे प्रश्न त्याला विचारता येत. लोकलला वेगळं स्थान देणं ज्याला सुचलं त्याने कधीतरी डोंबिवलीची ८.१२ पकडलेली असणार, असं मला उगाच वाटतं.

त्याच वर्षी जुलैत मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्तचाचणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, बाहेरच्यांत १६ टक्के. वॉर्ड तेच, महिना तोच. 'शहरात सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात' हे साध्या मॉडेलचं गृहीतक किती महाग पडतं, ते या दोन आकड्यांवरून कळावं. सामायिक संडास हा तपशील फेकून चालत नाही.

एवढं कळतं तर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक सोडवून दाखवा.

दर वेळी टाळ्या पडतात या प्रश्नाला.

विनाकारण कोंडी कशी होते हे फिजिक्सने खरंच चांगलं समजावलं आहे. काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबेर्ग यांनी १९९२ मध्ये रस्त्याच्या चौकटी केल्या आणि गाड्यांना चार नियम दिले: वेग वाढव, पुढची गाडी जवळ आली तर कमी कर, कधीकधी उगाचच थोडा ब्रेक मार, पुढे सरक. गाड्यांची दाटी एका मर्यादेपुढे गेली की कोंडी आपोआप जन्मते. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोग छापला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सारख्या वेगाने जायची सूचना, ना सिग्नल, ना खड्डा. थोड्याच वेळात गाड्या थबकल्या आणि ती थबक मागे मागे सरकू लागली. माजिवड्याच्या पुलावर अर्धा तास अडकून पुढे काहीच न सापडल्याचा संताप ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना निदान कारण मिळालं.

उपायाकडे वळलं की आपलं वेगळेपण आडवं येतं. ती मॉडेल्स लेनवर उभी आहेत. आपल्याकडे रिक्षा दोन लेनच्या मधून जाते, बाईक जिथे जागा दिसेल तिथून, आणि जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेला कंटेनर गायमुखच्या चढावर सगळ्यांना एका वेगाला आणतो. त्यात मेट्रोचं काम. लेनशिवायच्या मिश्र वाहतुकीवर भारतात काम चालू आहे आणि ते फार रंजक आहे. पण घोडबंदरच्या कोंडीचा मोठा भाग रस्त्यावर घडतच नाही. किती टॉवरना परवानगी दिली आणि त्यांतली माणसं कामाला कुठे जातात, तिथे तो ठरतो.

याच संदर्भात नवी मुंबई पाहावी. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, त्यात राज्य सरकारच्या कचेऱ्या तिकडे हलवण्याची कल्पना होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नोड उभे राहिले, पण मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिलं. लोक त्याच्या मागे सकाळी लोकलने मुंबईकडे जात राहिले. शहराचं मॉडेल करताना माणसांइतकेच निर्णय मोजावे लागतात, आणि ते कुठल्या आलेखावर बसत नाहीत.

जीवशास्त्राला फिजिक्सवाल्यांनी खरंच काही दिलं, की नुसती चबढब?

दोन्ही. चबढबीची उदाहरणं देत नाही, माणसं हयात आहेत.

दिलेल्यांत मला सर्वांत देखणं वाटतं ते १९४३ चं काम, साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांचं. लुरिया डॉक्टर, डेलब्रुक थिअरेटिकल फिजिक्समधून आलेले. प्रश्न असा: विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू समोर आल्यावर तसे बनतात, की ते आधीपासूनच गर्दीत असतात? त्यांनी जिवाणूंच्या बऱ्याच वेगवेगळ्या छोट्या वसाहती वाढवल्या आणि प्रत्येकीत किती जण वाचतात ते मोजलं. समोर आल्यावर बदल होत असेल तर प्रत्येक वसाहतीत वाचणारे साधारण सारखे निघायला हवेत, सरासरीभोवती थोडेफार मागेपुढे. प्रत्यक्षात बहुतेकांत जवळपास कुणी नाही आणि एखादीत मात्र शेकड्यांनी, असं आलं. कारण बदल आधीच, कधीतरी लवकर झाला होता आणि त्याची पिल्लावळ वाढत गेली होती. सरासरीकडे न बघता विखुरणीकडे बघणं ही खास स्टॅटिस्टिकल फिजिक्सची नजर. पण प्रयोग सुचला लुरियांना, हेही लक्षात ठेवा. एकट्या डेलब्रुकना तो जमला नसता.

भारतीय नावं हवी असतील तर जी. एन. रामचंद्रन यांची प्रथिनांच्या रचनेवरची १९६३ ची आकृती आजही रोज वापरली जाते. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. वेंकटरामन रामकृष्णन यांनी फिजिक्समध्ये पीएचडी केली, मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि २००९ मध्ये रायबोसोमवरच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरच्या, कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल घेतलं. 'पुन्हा विद्यार्थी होऊन' हे शब्द घाईत वाचू नका.

फिजिक्सचं नोबेलसुद्धा आता यासाठी मिळतं म्हणे?

२०२१ मध्ये अर्ध्या पुरस्काराचे मानकरी जॉर्जो पारिसी होते, गुंतागुंतीच्या प्रणालींसाठी. रोमच्या आकाशातल्या साळुंकीवर्गीय पक्ष्यांच्या थव्यांवर त्यांच्या गटाने केलेलं काम वाचण्यासारखं आहे: प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे लक्ष देत नाही, जवळच्या सहा-सात जणांकडे देतो. २०२४ मध्ये जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन. हॉपफिल्ड यांचं १९८२ चं स्मृतीचं मॉडेल म्हणजे आयसिंगच्या चुंबकाचंच भावंड.

मी बीएस्सीला आहे. काय शिकू?

फिजिक्स नीट शिका. हे आधी सांगते, कारण 'कॉम्प्लेक्स सिस्टिम्स करायचंय' म्हणून क्वांटम टाळणारे भेटतात. स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स), डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी यांना पर्याय नाही. पायथॉन यायलाच हवं. नेटलोगो हे मॉडेल्स करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शेलिंगचं मॉडेल त्यात तयार आहे, पण एकदा स्वतः कोड करून पाहा. सांख्यिकी आपल्याकडे फिजिक्सच्या मुलांना फार तुटपुंजी शिकवतात. ती उणीव स्वतः भरून काढा, नाहीतर लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर लॉग घेतलेल्या आलेखावर) सरळ रेघ दिसली की तुम्ही 'पॉवर लॉ', म्हणजे एक राशी दुसरीच्या ठरावीक घाताप्रमाणे बदलते, म्हणून ओरडाल. त्या ओरडण्याला लगाम घालणारं क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांचं २००९ चं काम प्रत्येकाने वाचावं.

आज संध्याकाळी करता येईल असं काही हवं असेल तर एक्सेल उघडा. पहिल्या घरात ०.४ लिहा. पुढचं घर म्हणजे आधीचा आकडा, गुणिले एक वजा तोच आकडा, गुणिले २.८. खाली ओढत जा, आकडा ०.६४३ पाशी स्थिरावेल. २.८ च्या जागी ३.२ घाला, आता तो ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात झोके घेईल. मग ३.९ घाला आणि शेजारच्या रकान्यात ०.४ ऐवजी ०.४०१ पासून सुरुवात करा. वीसेक घरांत दोन्ही रकाने एकमेकांना ओळखेनासे होतात. प्राण्यांची संख्या दरवर्षी कशी बदलते याचं हे साधं समीकरण रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये सगळ्यांच्या नजरेस आणलं. तेही मूळचे फिजिक्सवाले.

कुठे शिकायचं? मुंबईबाहेर जावं लागेल?

सुरुवातीला नाही. मुंबई विद्यापीठाचे विभाग, कलिन्याच्या आवारातलं सीबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र, पवईचं आयआयटी, कुलाब्याचं टीआयएफआर हे सगळं आवाक्यात. मानखुर्दचं होमी भाभा केंद्र वाशीहून खाडीपूल ओलांडला की आलंच. कॅन्सरच्या संशोधनात रस असेल तर खारघरला अ‍ॅक्ट्रेक आहे. या विशिष्ट विषयातली पीएचडी करायची तर चेन्नईचं मॅथेमॅटिकल सायन्सेस, बंगळुरूचं एनसीबीएस आणि आयसीटीएस, पुण्याचं आयसर ही नावं शोधा. आर्थिक व्यवहारांच्या फिजिक्सला कोलकात्यात जुनी परंपरा आहे, 'इकॉनोफिजिक्स' हे नावच १९९५ मध्ये तिथल्या परिषदेत पुढे आलं. परीक्षा नेहमीच्याच: जॅम, जेस्ट, नेट, गेट. पात्रता आणि तारखा संस्थेच्या सूचनेत पाहाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये नाही.

मॅडम, पण यातून नोकरी लागते का?

आईबाबांनो, सरळ सांगते. पीएचडीला केंद्र सरकारची ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. कधीकधी ती उशिरा जमा होते. पाच-सहा वर्षं जातात, मग बहुधा परदेशी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), आणि त्यानंतर प्राध्यापकाच्या जागा मोजक्या. वर्गातला बॅचमेट तोवर ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये टीम लीड झालेला असतो आणि पाचव्या लग्नात त्याच्या पगाराची चौकशी तुमच्यासमोर होते. हे सहन होणार असेल तरच पाठवा.

दुसरी बाजूही आहे. संशोधन सोडलेल्यांपैकी बेकार राहिलेलं माझ्या ओळखीत कुणी नाही. विमा, बँकांतलं जोखमीचं गणित, डेटा सायन्स, सार्वजनिक आरोग्य, वाहतूक सल्लागार संस्था, सगळीकडे ही कौशल्यं चालतात. 'माझ्या मुलाला शास्त्रज्ञ व्हायचंय' आणि 'माझ्या मुलाला पगार हवाय' यांतलं काय खरं आहे, ते मुलालाच विचारा. उत्तर बहुतेकदा मुलालाही नक्की ठाऊक नसतं आणि विसाव्या वर्षी ते ठाऊक असायलाच हवं असं नाही.

जीवशास्त्र आणि समाजशास्त्रवाले आपल्याला उभं करतात का?

करतात, आपण चहा पाजायला गेलो आणि ऐकलं तर. 'तुमच्या विषयाचं एक समीकरण केलंय' म्हणून गेलात तर नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारा की तापाचे रुग्ण सोमवारी का वाढतात. आपण त्यात सात दिवसांचं चक्र शोधत बसतो, आणि त्या सांगतात की रविवारी ओपीडी बंद असते.

एआय सगळं करत असताना मॉडेल कशाला?

भरपूर डेटा आहे आणि उद्या कालसारखाच असणार आहे, तिथे एआयला करू द्या, उत्तम करतो. नवा विषाणू, नवा पूल, नवी करपद्धती, म्हणजे ज्याचा कालचा डेटाच नाही, तिथे कारणांचा विचार करावा लागतो. शिवाय आपल्याकडे डेटाची अवस्था अशी की २०२० मध्ये साथीची मॉडेल्स करतानाही हाताशी २०११ चीच जनगणना होती. त्या २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. आजची किती, हे कासारवडवलीला उभं राहून डोळ्यांनी जास्त कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना जमतं का?

जमतं. शोधनिबंधाचं इंग्रजी वर्षभरात येतं.

तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?

उन्हाळ्यात एखाद्याला घेते. मार्कशीट नंतर पाहते, आधी तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी पाठवा, कितीही लहान चालेल. ठाणे स्टेशनच्या पुलावर गाडी आल्यावर गर्दी किती वेळात ओसरते, तलावपाळीला सिग्नल हिरवा असताना किती वाहनं सुटतात, सोसायटीतल्या डेंग्यूच्या रुग्णांचे मजले कुठले. आकडे कसे घेतले ते लिहा, आणि कुठला आकडा तुम्हाला स्वतःलाच संशयास्पद वाटतो तेही. चॅटबॉटने लिहिलेला अर्ज दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. आणि सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी करू नका, हे पान इथवर वाचलं नाही ते लगेच कळतं.